कॅमेऱ्याशिवाय फोटो करायचेत? हळद, सायनोटाइप की डार्करूम, तुमच्या घरात काय जमेल ते बघा

पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं की आई साबण लावायची आणि पिवळा डाग एकदम लालभडक व्हायचा, मग तोच शर्ट कडक उन्हात वाळत घातला की संध्याकाळपर्यंत डाग बऱ्यापैकी गायब. हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. पण याच दोन गोष्टी कागदावर केल्या की फोटो होतो हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं.

परवा मावसबहिणीचा फोन आला, लेकीला सुट्टी लागलीये, तू ते कॅमेरा न वापरता फोटो करतेस ना, आम्हाला पण करायचंय, कुठलं किट मागवू? मी म्हटलं किट राहू दे, आधी सांग तुझ्या गॅलरीत ऊन किती ते किती असतं. ती म्हणाली तू फोटोचं बोलतेयस की पापडांचं. पण खरं सांगते, प्रश्न तोच आहे. लोक मोबाईलवर निळे सुंदर प्रिंट बघतात आणि त्यावरून पद्धत ठरवतात, आणि घरी आल्यावर कळतं की आपल्याकडे ऊन नाहीये, किंवा अंधार नाहीये, किंवा सासूबाईंना बाथरूम दोन तास बंद चालत नाही. म्हणून तिला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं ते इथे सविस्तर लिहितेय. मी डोंबिवलीत राहते, गॅलरीत ऊन साडेअकरा ते दोन, नळाला पाणी सकाळी, बाकीचा सगळा हिशोब या दोन गोष्टींवर.

आधी हळद. या प्रकाराला अँथोटाइप म्हणतात, वनस्पतीच्या रंगावर ऊन पाडून रंग उडवायचा आणि ज्या जागी वस्तू ठेवली तिथला रंग शिल्लक राहतो, तोच फोटो. जॉन हर्शेल नावाचे इंग्लिश शास्त्रज्ञ, ज्यांच्या वडिलांनी युरेनस शोधला ते, यांनी १८४२ मध्ये फुलांच्या रसावर याचे भरपूर प्रयोग केले. पालक, बीट, जास्वंद, जांभूळ, काहीही चालतं पण वेळ लागतो. मला बीटाला मार्चच्या उन्हात चार दिवस लागले आणि पालकाला आठवडा, तोही अडीच तासांच्या गॅलरीत, गच्ची असेल तर लवकर होईल. हळद मात्र या सगळ्यांत पळणारी. एक चमचा हळद, तीन-चार चमचे स्पिरिट किंवा साधं सॅनिटायझर (जेलवालं नको, पाण्यासारखं), ढवळून दहा मिनिटं ठेवायचं, जुन्या सुती कपड्यातून गाळायचं आणि ब्रशने जाडसर ड्रॉइंग पेपरवर एक हात मारायचा. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे हे गॅसपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून. कागद अंधाऱ्या कपाटात वाळवायचा. मग त्यावर पान, वर काच, कडेला चार चिमटे, आणि भर दुपारी दीड-दोन तास उन्हात. पान उचललं की फिकट कागदावर पिवळं पान दिसतं, पण ते दिसतं न दिसतं असं असतं. खरी गंमत पुढे. वाण्याकडे टाकणखार मिळतो तो चिमूटभर पाण्यात टाकून त्या पाण्याचा हात कागदावर फिरवला की उरलेली हळद तांबूस-तपकिरी होते आणि चित्र ठसठशीत उठतं. कुंकू करताना हळदीला टाकणखार लावून लाल करतात ना, तेच. टाकणखार नसेल तर धुण्याचा सोडा चालतो. टाकणखार मुलांच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही एवढंच.

तोटा एकच पण मोठा, हा फोटो पक्का करता येत नाही. म्हणजे ज्या उन्हाने तो केला तेच ऊन तो खाणार. भिंतीवर लावला तर काही आठवड्यांत उतरायला लागतो, वहीत ठेवला तर बराच टिकतो. १८०२ मध्ये इंग्लंडात वेजवुड आणि डेव्ही यांनी चांदीच्या क्षारांवर पानांच्या वगैरे प्रतिमा घेतल्या होत्या, त्यांचंही दुखणं हेच होतं, पक्कं कसं करायचं माहीत नव्हतं म्हणून मेणबत्तीच्या उजेडात लपूनछपून बघायचे. हळदीचा फोटो दिवाणखान्यात लावणाऱ्यांना मी हे आधीच सांगते, तरी लावतात आणि मग मला फोन करतात.

आता सायनोटाइप, तोच निळा, जो बघून सगळे या नादाला लागतात. हासुद्धा हर्शेल यांचाच आणि १८४२ चाच. दोन केमिकल, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. पहिलं २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, दुसरं १० ग्रॅम १०० मिली पाण्यात, दोन्ही वेगळ्या बाटल्यांत, आणि लागेल तेव्हा लागेल तेवढं समसमान मिसळायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी पहिल्यातलं लोखंड बदलतं, ते दुसऱ्याशी जुळतं आणि पाण्यात न विरघळणारा प्रशियन ब्लू तयार होतो. जिथे वस्तू होती तिथलं केमिकल तसंच राहतं आणि नळाखाली धरलं की वाहून जातं. म्हणजे हळदीच्या बरोबर उलटं बघा, हळदीत सावली रंगीत राहते आणि ऊन बाकीचा रंग उडवतं, इथे सावली पांढरी राहते आणि ऊन निळं करतं. हा फरक बारीक वाटतो पण आजोबांचा जुना फोटो छापायचा असेल तर तिथेच लोक फसतात. सायनोटाइपला निगेटिव्ह लागते, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलेला फोटो, हळदीला सरळ पॉझिटिव्ह, म्हणजे आहे तसाच फोटो. दोन्ही झेरॉक्सवाल्याकडे ओएचपीच्या पारदर्शक शीटवर छापून मिळतं, निगेटिव्ह करायला मोबाईलमधलं कुठलंही फोटोचं ॲप पुरे.

नावात सायनाइड दिसलं की घरचे घाबरतात. फेरीसायनाइडमधलं सायनाइड लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं, साध्या पाण्यात ते सुटत नाही. पण तीव्र ॲसिड आणि उष्णता यांच्याशी गाठ पडली तर विषारी वायू निघू शकतो, त्यामुळे संडास धुवायचं ॲसिड ज्या मोरीत ओतता तिथे त्याच वेळी हे धुवायचं नाही, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, हातमोजे घालायचे, इतपत काळजी. ओट्यावर थेंब पडला तर तो दुसऱ्या दिवशी निळा होऊन वर येतो आणि मग घरात आपलं नाव निघतं.

खर्च म्हणाल तर मला दोन्ही केमिकल मिळून हजाराच्या आत पडली. दोन्ही द्रावणं शंभर-शंभर मिली केली तर ए-फोर आकाराचे पन्नासेक कागद सहज होतात. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला लॅबच्या केमिकलची दुकानं आहेत, काही जण सुट्टं देतात काही नाही देत, फेरिक अमोनियम सायट्रेट मागताना हिरवं द्या म्हणायचं. तयार किट त्यापेक्षा महाग पडतं पण वजनकाटा नसेल तर किटच बरं, किचनच्या काट्यावर दहा ग्रॅम मोजायला जाऊ नका. कागदाचं मात्र कंजूषपणा नको, पातळ कागद पाण्यात लगदा होतो. वॉटरकलरचा २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड) वरचा घ्या, पुण्यात असाल तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे तिथे चक्कर मारा. फक्त ज्या कागदात खडूची पूड घालून त्याला अल्कली केलेलं असतं तो सायनोटाइपला बाधतो, निळा उतरतो, म्हणून आधी एक एक शीट आणून बघायची आणि मग गठ्ठा.

वेळेचं सांगायचं तर एप्रिल-मेच्या दुपारी पाच ते दहा मिनिटं, डिसेंबरात माझ्याकडे वीसपर्यंत जातं. पिवळसर हिरवा थर आधी निळा, मग राखाडी-ब्राँझसारखा होतो, तिथपर्यंत थांबायचं. नवशिके इथेच घाई करतात, निळा दिसला की उचलतात आणि धुतल्यावर सगळं फिकट. धुताना पिवळं पाणी येणं बंद होईपर्यंत धुवायचं. आमच्याकडे मध्येच बोअरचं पाणी येतं, त्याने निळा मरतो, मग बादलीत चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकते, ते सौम्य आहे, त्याची भीती नाही. लगेच गडद निळा बघायचा उतावीळपणा असेल तर शेवटच्या पाण्यात मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं टाका, क्षणात रंग चढतो. न टाकता एक दिवस वाळू दिलं तरी तोच रंग येतो, पण मुलं समोर असतील तर टाकाच, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि हा टिकतो. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी १८४३ पासून ब्रिटनमधल्या समुद्री शेवाळांचे सायनोटाइप काढून त्यांचं पुस्तक केलं, फोटोंनी सजलेलं ते पहिलं पुस्तक मानतात, नुसती चित्रंच नाही तर हाताने लिहिलेला मजकूरसुद्धा तिने याच पद्धतीने छापला. ते प्रिंट आजही निळे आहेत. उन्हात सायनोटाइप थोडा फिका होतो पण अंधारात ठेवला की बराचसा परत येतो, ही सोय दुसऱ्या कुठल्या फोटोत मी बघितली नाही. त्याचा खरा शत्रू म्हणजे सोडा. मी मांजरपाटावर नेचे छापून उशीचे अभ्रे केले होते, चांगले तीन आठवडे मिरवले, आणि नवऱ्याने कौतुकाने ते कपड्यांबरोबर पावडर घालून मशीनला लावले. बाहेर आले ते पिवळट फडके. त्याचा दोष नाही, मीच सांगितलं नव्हतं. कापडावर करणार असाल तर साध्या पाण्यात किंवा अगदी सौम्य, अल्कली नसलेल्या साबणात धुवायचं हे घरातल्या सगळ्यांना आधी पाठ करून घ्या. (जुन्या काळी इमारतींचे नकाशे याच पद्धतीने निघायचे, ब्लूप्रिंट हा शब्द तिथला. नंतर आपल्याकडे अमोनिया प्रिंट आल्या त्या वेगळ्या, त्यांची केमिस्ट्री दुसरी.)

मग हळद की सायनोटाइप? मुलं लहान असतील, पैसे घालायचे नसतील किंवा आपल्याला हे आवडेल की नाही याचीच खात्री नसेल तर हळद, येत्या रविवारी, काही विकत न आणता. भेट द्यायचंय, भिंतीवर लावायचंय, बारीक शिरा न् शिरा दिसायला हवीये, तर सायनोटाइप. हळदीत जाळीदार पानाची मोठी नक्षी येते पण शेवग्याच्या पानासारखं नाजूक काही ठेवलं तर कडा विरघळल्यासारख्या दिसतात, कारण दोन तासांत सूर्य सरकतो आणि सावलीही सरकते. सायनोटाइपला पाच मिनिटांत सूर्य जाऊन जाऊन किती जाणार. आणि हो, मी स्वतः आधी सायनोटाइप शिकले आणि मग हळद, आता वाटतं उलट केलं असतं तर निम्मे कागद वाचले असते. काच नीट दाबली नाही तर काय होतं, वस्तू ओली असली तर काय होतं, हे फुकटच्या हळदीवर शिकून घ्यावं.

तिसरं म्हणजे खरी डार्करूम, फोटोग्राम. ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा कागद, अंधार, वर वस्तू, क्षणभर दिवा, मग डेव्हलपर (चित्र वर आणणारं), स्टॉप (ते तिथेच थांबवणारं), हायपो (फोटो पक्का करणारं), अशी तीन पाणी. पॅरिसमध्ये मॅन रे यांनी १९२२ पासून असे फोटो केले आणि आपल्याच नावावरून त्यांना रेयोग्राफ म्हणायला लागले, त्याच सुमारास जर्मनीत मोहोली-नॉज करत होते, आणि त्याच्याही आधी ख्रिस्तिआन शाड. दिसायला हे सगळ्यात भारी, यात मला शंका नाही. काचेच्या बांगड्या ठेवा, त्यांच्यातून उजेड वाकून येतो आणि कागदावर काळ्या पाण्यात चांदीच्या रेषा उमटल्यासारखं दिसतं, सायनोटाइपमध्ये तेवढे करडे थर येत नाहीत. कागद इतका चपळ असतो की मोबाईलचा टॉर्च एक सेकंद पुरतो, मग वस्तू हलवा, परत एक सेकंद, सावलीवर सावली चढवा. शिवाय पावसाळ्यात करता येतं, रात्री करता येतं.

पण. बाथरूमला पूर्ण अंधार पाहिजे, फटीतून ट्यूबलाइटची रेघ आली तरी कागद करडा. झिरोचा लाल बल्ब म्हणून बाजारात मिळतो तो दर वेळी सेफ असतोच असं नाही, कागदावर नाणं ठेवून पाच मिनिटं त्या उजेडात राहू द्या आणि डेव्हलप करा, नाण्याचा गोल दिसला तर बल्ब बाद. तीन ट्रे, चिमटे, डेव्हलपर, हायपो, आणि कागद जो बहुतेक बाहेरून येतो आणि त्याची किंमत ऐकून एक चूकसुद्धा जिवावर येते. स्टॉपला पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं, तेवढीच बचत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो कुंडीत नका ओतू, साठवा, एक्स-रेवाले पूर्वी तो चांदी काढणाऱ्यांना विकायचे त्यांच्यापैकी कोणी ओळखीचं निघालं तर उत्तम. मला विचाराल तर एकट्या माणसाने घरी हे सुरू करू नये, दोन-तीन मित्रमैत्रिणी मिळून करत असाल, किंवा कॉलेजात जुनी डार्करूम धूळ खात पडली असेल, तर जरूर.

याच कागदाचा आळशी भाऊ म्हणजे लुमेन प्रिंट आणि माझा जीव खरं तर याच्यावर आहे. तोच फोटोचा कागद, मुदत संपलेला असला तर उलट बरा, घरातल्या मंद उजेडात पाकिटातून काढायचा, त्यावर ओली फुलं-पानं, वर काच आणि उन्हात अर्ध्या तासापासून अख्ख्या दुपारपर्यंत. डेव्हलपर नाही, अंधार नाही. कागद काळा-पांढरा, पण रंग येतात गुलाबी, जांभळे, विटकरी, आणि फुलातला ओलावा जिथे जिथे पाझरतो तिथे वेगळेच डाग. कुठला रंग येईल ते कागदाच्या जातीवर, सांगता येत नाही. वाईट एवढंच की पक्कं करायला हायपोत बुडवलं की तो गुलाबी रंग अर्धा पळून जातो आणि तपकिरीकडे वळतो. म्हणून बुडवायच्या आधी स्कॅन करून घ्यायचं. मला एका बंद पडत आलेल्या स्टुडिओतून उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या इंदू कागदाचं एक फुटकं पाकीट मिळालं होतं, त्यावर सदाफुली ठेवली आणि जो फिकट जांभळा आला तो पुढे कुठल्याही कागदावर आला नाही, ते पाकीट संपलं. तेव्हा तुमच्या गावात असा जुना स्टुडिओ असेल तर आधी तिथे जाऊन विचारा, फेकायला काढलेले कागद असतील तर लुमेन करा, नसतील तर नवीन महाग कागद आणून लुमेन करण्यात अर्थ नाही.

अजून दोन-तीन प्रकार आहेत, भरभर सांगते. केमिग्राम म्हणजे फोटो कागदावर वार्निश, मध, नेलपॉलिश असं काहीतरी फासून भर उजेडात डेव्हलपर-हायपोत आलटून पालटून बुडवायचं, बेल्जियमच्या पिएर कॉर्डिए यांनी १९५६ मध्ये हे सुरू केलं. बघायला चित्रासारखं, पण यात वस्तूची सावली नसते त्यामुळे पान-फुलांची हौस असेल तर मन भरत नाही. क्लोरोफिल प्रिंट म्हणजे खऱ्या पानावरच फोटो, पानावर पारदर्शक शीट ठेवून काही दिवस उन्हात, बिन्ह डान्ह या मूळच्या व्हिएतनामी अमेरिकन कलाकाराची यातली कामं जरूर बघा. मी अळूच्या पानावर तीनदा केलं, दोनदा पान काचेखाली शिजलं. पान हिरवं टिकवायला मोरचुदाच्या पाण्यात बुडवतात, तो विषारी असतो, लहान मुलं असलेल्या घरात नकोच. आणि ज्यांच्याकडे ऊनही नाही अंधारही नाही त्यांनी सरळ स्कॅनर उघडावा, खोलीत दिवे बंद करून झाकण उघडं ठेवून काचेवर फुलं मांडली की पाठीमागे काळाभोर अंधार येतो. फक्त प्रिंटरमधले पातळ स्कॅनर काचेला चिकटलेलं तेवढंच स्पष्ट दाखवतात, ऑफिसात पडलेला जुना जाडजूड स्कॅनर मिळाला तर तो घ्या, त्यात खोली येते.

पावसाळ्याचं विचारतात म्हणून सांगते. जून ते सप्टेंबर आमच्या बाजूला आणि कोकणात हळद विसरा, कागद वाळतच नाही, आणि फेरिक अमोनियम सायट्रेटच्या बाटलीत बुरशीची पांढरी टोपी तरंगायला लागते (गाळून वापरली तरी चालते, मी वापरलीये). सायनोटाइप मात्र दिव्यावर होतो, जेल नेलपॉलिश वाळवायचा छोटा दिवा किंवा हॉटेलात माशा मारायच्या मशीनमधल्या निळसर ट्यूबा, दोन्ही चालतात, वेळ तुम्हीच ठरवायचा, कागदाच्या एका पट्टीवर वेगवेगळ्या भागांना वेगवेगळा वेळ उजेड देऊन बघायचं. पाणी शुद्ध करायच्या जंतुनाशक यूव्ही ट्यूबा कधीही उघड्यावर लावू नका, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना हा सगळा परिच्छेद वाचून हसू येईल, त्यांच्याकडे उन्हाचं काय कमी, तिथे मेमध्ये सायनोटाइप तीन-चार मिनिटांत जास्त भाजून निघायचा, म्हणून सकाळी नऊच्या आत करा.

मावसबहिणीची गॅलरी पश्चिमेची निघाली, ऊन साडेतीननंतर, तेही समोरच्या टॉवरच्या कडेने. मग ठरलं असं की हळद गच्चीवर, वॉचमनकाकांना सांगून, आणि सायनोटाइप गॅलरीत, अर्धा तास धरून. काल तिने फोटो पाठवला, लेकीने कागदावर पान-फूल काही ठेवलं नव्हतं, चकलीचा साचा, दोन कानातले आणि स्वतःचा पंजा ठेवला होता. पंजा दीड तास हलवायचा नाही हे तिला बारा मिनिटांनी कळलं, त्यामुळे कागदावर चकलीचा तारा एकदम झकास आलाय आणि शेजारी बोटांचं एक पिवळट धुकं. टाकणखार संपलाय, सायनोटाइपच्या पावडरी मी शनिवारी मोजून पुड्या बांधून पाठवतेय, हातमोज्यांसकट.